जबड्याचे दुखणे आणि विषाची सुई



हे सदर खतांचे, बियाण्यांचे आणि गोठ्याचे. पण घरचे पत्र आले की उत्तर द्यावेच लागते, मग विषय कोणताही असो. एका भगिनीने आपल्या मुलीविषयी लिहिले आहे. मुलगी बावीस वर्षांची. सकाळी उठली की जबडा आखडलेला, कानापुढे ठणका, भाकरी चावताना डोळ्यांत पाणी. दाढेचा दोष समजून एक दाढ काढली, दुखणे जिथल्या तिथे. कानात तेल घालून झाले. शेवटी शहरातल्या एका दवाखान्यात नेले. तिथे सांगितले की दोन्ही गालांत बोटॉक्सची सुई देऊ, दुखणेही जाईल आणि चेहराही निमुळता होईल. मुलीचे लग्न जमवायचे आहेच, तेव्हा एका खर्चात दोन कामे. कपाशीचे पैसे हाती आले आहेत ते यात घालावेत काय, असे भगिनी विचारते. शिवाय शेजारीण म्हणते की हे औषध म्हणजे विष असते, ते खरे काय?

शेजारीण म्हणते ते खरे आहे. दवाखाना म्हणतो त्यातले निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्यासाठी पैसे मोजण्याआधी चार गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. मी शेतीचा पदवीधर, दंतवैद्य नव्हे. तेव्हा मुलीला काय करावे याचा निर्णय तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण विष, मात्रा, बाटलीवरचे लेबल आणि दुकानदाराची पावती या गोष्टींत माझी तीस वर्षे गेली आहेत, त्या इथेही उपयोगी पडतात.

प्रथम जबड्याकडे पाहू. गालावर बोटे ठेवा आणि दात घट्ट आवळा. कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्याशी गाठीसारखे काही टरारून वर येते. तो चावण्याचा मोठा स्नायू. आकाराच्या मानाने शरीरातल्या फार ताकदवान स्नायूंत त्याची गणना होते. ऊस सोलायचा, सुपारी फोडायची, वाळली भाकरी मोडायची, ती याच्या बळावर. दुसरा कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो, म्हणून जबडा शिणला की पुष्कळांचे डोके दुखते. आणि कानाच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा असतो. दोन हाडांच्या मध्ये चकतीसारखी एक गादी असते. ती जागची सरकली की तोंड उघडताना टक् असा आवाज येतो. नुसता आवाज येतो आणि दुखत नाही, अशांनी घाबरून जाऊ नये.

आता काही माणसे झोपेत दात खातात. शेजारी झोपलेल्याला करकर ऐकू येते, खाणाऱ्याला पत्ता नसतो. आपल्याकडे पोर दात खाऊ लागले की पोटात जंत झाले म्हणतात. जंतांचे औषध लहान मुलांना वेळच्या वेळी द्यावेच, पण जंतांमुळेच दात खाल्ले जातात असे सिद्ध झालेले नाही. मनाचा ताण, झोपेची मोडतोड, तंबाखू, दारू, जास्त चहा यांच्याशी त्याचा संबंध अधिक. आणि सगळेच झोपेत करतात असे नाही. दिवसाही, हिशेब जुळत नसला की, पाऊस लांबला की, माणूस दात आवळून बसतो. तुम्ही हे वाचत असताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत काय ते पाहा. ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची रीत. रात्रभर आवळलेला स्नायू सकाळी दुखणार नाही तर काय होईल? दिवसभर नांगर ओढलेल्या बैलाला रात्री पुन्हा मोटेला जुंपावे, तसेच ते.

पण जबड्याचे प्रत्येक दुखणे असे नसते, आणि फसगत होते ती इथेच. दाढ किडलेली असली तरी जबडा दुखतो. अक्कलदाढ वाकडी उगवत असली तरी कानापर्यंत कळ जाते. कान फुटला असला तरी तेच. म्हणून तपासणी आधी, एक्स-रे लागला तर तोही आधी, आणि दाढ उपटणे किंवा सुई टोचणे नंतर. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या मुलीची दाढ परत बसवता येणार नाही, पण इतरांनी एवढे ध्यानात ठेवावे की दुखते ती जागा आणि दुखण्याचे मूळ, ही दोन्ही एक असतीलच असे नाही. पान पिवळे पडले म्हणून युरिया टाकणारा शेतकरी मला दरवर्षी भेटतो, आणि मूळ उपटून पाहावे तर हुमणी लागलेली असते.

दोन दुखणी मात्र घरात बसून पाहण्यासारखी नाहीत. चालताना, चढ चढताना किंवा ओझे उचलताना जबड्यात कळ येते, छाती जड होते, घाम सुटतो, तर ते हृदयाचे लक्षण असू शकते. दंतवैद्याकडे न जाता सरळ रुग्णालय गाठावे. दुसरे, पायात खिळा किंवा धसकट घुसले, कोयता लागला, आणि काही दिवसांनी जबडा आवळत जाऊन तोंड उघडेनासे झाले, तर तो धनुर्वात असू शकतो. तिथे शेक, तेल आणि अंगारा यांत एक तासही घालवू नये.

धनुर्वाताचे नाव निघाले ते बरे झाले, कारण या सुईतले औषध धनुर्वाताच्या जंतूच्या भावकीतलेच आहे. दोघांचेही बीज मातीत असते. दोघांनाही हवा नको असते. जिथे हवा पोचत नाही तिथे ते वाढतात आणि विष तयार करतात. धनुर्वाताचे विष स्नायू आवळून धरते. या दुसऱ्या जंतूचे, म्हणजे बोटुलिनमचे विष, स्नायू सैल सोडते. एक भाऊ दोरी ताणतो, दुसरा सोडतो.

या विषाची ओळख दवाखान्यात झाली नाही, ती जेवणाच्या ताटात झाली. आजच्या जर्मनीच्या दक्षिणेकडील व्युर्टेम्बर्ग भागात शेतकऱ्यांच्या घरी डुक्कर कापले की त्याच्या आतड्यात मांस आणि रक्त भरून ठेवीत. ते नीट शिजले नाही, तर खाणाऱ्याच्या पापण्या उतरत, घास गिळवत नसे, शेवटी श्वास थांबे. तिथले सरकारी डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास असे पुष्कळ रोगी तपासून लिहून ठेवले. स्वतः कवी असलेल्या या गृहस्थाने ते विष थोडेसे स्वतःही चाखून पाहिले. आणि पुढे लिहिले की, अगदी अल्प मात्रेत हे विष, जिथे नसा फार चाळवल्या जातात तिथे, औषध म्हणून चालेल. लॅटिन भाषेत अशा भरलेल्या आतड्याला बोटुलुस म्हणतात, त्यावरून रोगाला नाव पडले. पुढे १८९५ साली बेल्जियममधील एलझेल या गावी अंत्ययात्रेला आलेल्या वाजंत्र्यांनी खारवलेले मांस खाल्ले, पुष्कळ आजारी पडले, तिघे दगावले. गेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एरमेंगेम यांनी त्या मांसातून जंतू शोधून काढला.

केर्नर यांचे म्हणणे खरे ठरायला दीडशे वर्षे लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यावर याचा उपयोग करून पाहिला. डोळा एका बाजूला ओढणाऱ्या स्नायूत थोडेसे विष टोचले की ती ओढ कमी होते आणि डोळा सरळ येतो. आधी माकडांवर आणि मग माणसांवर प्रयोग झाले, आणि १९८९ साली अमेरिकेत डोळ्यांच्या विकारांसाठी त्याला परवानगी मिळाली. सुरकुत्यांसाठी परवानगी मिळाली ती नंतर, २००२ मध्ये.

आपल्या गोठ्याशीही या विषाचा संबंध आहे. चाऱ्यात स्फुरद कमी पडला की गुरे हाडे चघळू लागतात हे तुम्ही पाहिले असेल. कुजलेल्या हाडामांसात हा जंतू वाढतो. दक्षिण आफ्रिकेत अशी गुरे लुळी पडून मरत, आणि त्याचे कारण हाडे चघळण्यात आहे हे आर्नोल्ड थेलर या पशुवैद्यक शास्त्रज्ञाने दाखवून दिले. तेव्हा गुरांना खनिज मिश्रण द्या, मेलेले जनावर उघड्यावर टाकू नका, आणि मुरघासाच्या खड्ड्यात किंवा पिशवीत उंदीर, साप चेपला गेला असेल तर तो भाग गुरांपुढे टाकू नका. जनावर मागच्या पायांनी लटपटू लागले, जीभ बाहेर लोंबू लागली, गिळता येईना, तर पशुवैद्यकाला लगेच बोलवा. आणि घरात बाळ असेल तर आजीबाईंना माझा नमस्कार सांगून एवढे सांगा की एक वर्षाच्या आत बाळाला मध चाटवू नये, गुटीतूनसुद्धा नाही. मधात या जंतूचे बीज असू शकते. मोठ्यांना त्याने काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजते आणि बाळ लुळे पडते.

आता सुईकडे वळू. मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो, पण नस स्नायूला थेट जोडलेली नसते. तिच्या टोकाशी एक रसायन सुटते, ते स्नायूला लागले की स्नायू आवळतो. हे विष नसेच्या टोकात शिरून ते रसायन सुटूच देत नाही. मोटार चालू आहे, पाईपलाईन धड आहे, पण वाफ्याशी असलेला व्हॉल्व्ह बंद. आपण फवारतो त्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे याच्या उलट आहे. त्यांची बाधा झाली की हेच रसायन साचून राहते, म्हणून माणसाला लाळ, घाम आणि झटके येतात. सुई दिल्यावर तीन-चार दिवसांत स्नायू सैलावू लागतो, पंधरा दिवसांत पूर्ण परिणाम दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो, कारण नसेचा व्हॉल्व्ह पुन्हा चालू होतो. मात्रा युनिटमध्ये मोजतात. बाटलीतले प्रत्यक्ष विष इतके थोडे असते की एका ग्रॅमचे अब्ज भाग केले तर त्यातल्या मोजक्या भागांचा हिशेब. जबड्याच्या मोठ्या स्नायूला एका बाजूला साधारण २० ते ३० युनिट देतात. पैसेही बहुधा युनिटवरच आकारतात, तेव्हा दोन्ही बाजूंचा गुणाकार आधी करून पाहावा. आणि वर्षातून तीन वेळा टोचायचे ठरले तर तिप्पट. ही एक वेळची विहीर नव्हे, हे दर हंगामाचे भाड्याचे पाणी आहे.

याने दुखणे जाते काय? दात आवळल्यामुळे स्नायू दुखत असेल, स्नायू सुजून जाड झाला असेल, आणि साधे उपाय करून थकले असाल, तर काहींना चांगला आराम पडतो. काहींना मात्र पडत नाही. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या सुईपेक्षा फार फरक दिसला नाही, असेही काही प्रयोगांत आढळले आहे. झोपेत दात खाण्याची सवय याने सुटत नाही. दात खाल्ले जातात, फक्त जोर कमी होतो. आणि सांध्यातली गादी सरकली असेल, सांधा झिजला असेल, तर स्नायू सैल करून गादी जागेवर येत नाही. ज्या अमेरिकेत हे औषध प्रथम मान्य झाले, तिथेही जबड्याच्या दुखण्यासाठी त्याला स्वतंत्र मान्यता मिळालेली नाही. डॉक्टर आपल्या अनुभवावर आणि जबाबदारीवर देतात. ते बेकायदा नव्हे, पण लेबलावर नसलेल्या पिकावर औषध फवारण्यासारखे आहे. फवारणारा जाणता हवा.

गुटखा आणि सुपारी खाणाऱ्यांचा प्रश्न तर अगदी वेगळा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते ते पोरांना विचारायला नको. हळूहळू गालाच्या आतली कातडी पांढुरकी, ताठ होते, तिखट लागले की आग होते, आणि तोंड उघडेनासे होते. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये उभी घालून पाहा. जात नसतील तर दंतवैद्याकडे जा. त्या ताठरपणात स्नायूचा दोष नसतो, कातडीखाली चिवट धागे तयार झालेले असतात. तिथे बोटॉक्स टोचणे म्हणजे खडकाला पाणी घालणे. आणि त्या तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो, म्हणून तिथे वेळ आणि पैसा या सुईवर घालवणे फार महागात पडते.

मग भगिनीने आधी काय करावे? महिना-दीड महिना मऊ आहार: खिचडी, मऊ भात, पेज, दुधात कुस्करलेली भाकरी. ऊस, हुरडा, फुटाणे, सुपारी बंद. दिवसातून दोन-तीन वेळा ओल्या फडक्याने कोमट शेक, पंधरा मिनिटे. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरावी म्हणजे तोंड वाजवीपेक्षा जास्त उघडत नाही. एका कुशीवर गालाखाली हात घेऊन झोपणे टाळावे. दिवसा दात टेकलेले आढळले की सोडावे. चुलीजवळ, आरशाजवळ, मोबाईलच्या मागे ठिपका काढून ठेवला तर आठवण राहते. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस. रात्री दातांवर घालायची मापाची टोपी दंतवैद्य करून देतात, ती दात झिजण्यापासून वाचवते आणि पुष्कळांचा ठणकाही कमी करते. बहुतेकांचे दुखणे एवढ्यावरच निवते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे कमी खर्चात तपासणी होते, जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञही असतात. एक खेप तिथे टाकून दुसरे मत घेतले तर बसभाडे वाया जाणार नाही.

आता चेहऱ्याची गोष्ट. स्नायू काम करीनासा झाला की वाळतो. प्लास्टरमधला हात बारीक होतो तसा. म्हणून जबड्याचा कोपरा जाड असलेल्यांचा चेहरा सुईनंतर महिना-दोन महिन्यांनी निमुळता दिसू लागतो, आणि सुई थांबली की काही महिन्यांत पुन्हा भरतो. जबड्याचे हाडच रुंद असेल तर काही उपयोग नाही. तसेच हसताना हिरड्या फार दिसतात म्हणून नाकाच्या दोन्ही बाजूंना थोडी मात्रा देतात. वरचा ओठ कमी उचलला जातो. हेही तीन-चार महिन्यांचे. हात चुकला तर हसू वाकडे होते, आणि त्यावर उलट सुई नसते. उतरेपर्यंत वाट पाहणे एवढेच हाती. म्हणून लग्न पंधरा दिवसांवर आले असता कोणी हे करीत असेल तर त्याला थांबवावे.

चेहरा निमुळता असल्याशिवाय स्थळ येणार नाही, असे मुलीला कोणी सांगितले असेल तर सांगणाऱ्याचा पत्ता मला कळवा. चार महिन्यांत उतरणाऱ्या रूपावर ठरलेले लग्न पाचव्या महिन्यात काय करील, हा प्रश्न मी वडीलधाऱ्यांवर सोडतो. एखाद्या सज्ञान मुलीला स्वतःलाच हसताना संकोच वाटत असेल आणि ऐपत असेल, तर तिने विचारपूर्वक करून घेण्याला माझा विरोध नाही. पण बघायला येणाऱ्यांसाठी, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना, कपाशीच्या पैशातून? मुळीच नाही.

सुई घ्यायचीच ठरली तर कीटकनाशक घेताना करता तेच करा. बाटली सीलबंद दाखवा म्हणावे. नाव, बॅच नंबर, मुदत वाचावी. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रीजमध्ये ठेवायचे असते, लाळ्या-खुरकुताची लस आपण बर्फाच्या डब्यातून आणतो तसे. एकदा मिठाचे पाणी घालून पातळ केले की ते लवकरच वापरावे लागते, म्हणून आदल्या आठवड्यात कोणासाठी तरी फोडलेली उरलेली बाटली नको. पावतीवर युनिट लिहून घ्या. देणारा कोण, त्याचे शिक्षण काय, जबड्याच्या किती रोग्यांना दिले, हे विचारायला संकोच करू नका. ब्युटी पार्लरमध्ये ही सुई घेऊ नये, कितीही स्वस्त असली तरी.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने, स्नायू दुर्बळ होण्याचा आजार असलेल्याने, टोचायच्या जागी पू किंवा पुरळ असताना ही सुई घेऊ नये. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके चालू असतील तर आधी सांगावे, त्यांनी परिणाम वाढतो. तीन महिन्यांच्या आत पुन्हा टोचून घेऊ नये. फार वेळा घेतली तर शरीर त्याला दाद देईनासे होते, आणि स्नायूचा भार सतत कमी राहिला तर जबड्याचे हाड पातळ होत असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

टोचल्यावर त्या दिवशी गाल चोळू नये. थोडी सूज, निळसरपणा, चावताना थकवा हे काही दिवस चालते. परंतु गिळताना ठसका लागू लागला, आवाज बदलला, पापण्या उतरल्या, दम लागू लागला, तर विष टोचलेल्या जागेबाहेर पसरले असे समजून रात्र असली तरी रुग्णालय गाठावे आणि किती युनिट दिले ती पावती बरोबर न्यावी. असे दिवस-आठवडे उलटल्यावरही होऊ शकते, म्हणून पावती फाडून टाकू नका.

मुरघासाच्या खड्ड्याविषयी बऱ्याच जणांनी विचारले आहे. खड्ड्याचे माप, मक्याची कापणी कोणत्या अवस्थेत करावी आणि उंदरांचा बंदोबस्त, हे पुढील अंकी.